माझ्या तोंडाचे टाके

मित्रांनो, मी एक जुनी कापडी बाहुली आहे, आणि आत्ता या क्षणी मी दुरुस्तीच्या गाठोड्यात पडले आहे. माझ्या अंगावर मधोमध फाटलेली एक चादर आहे, तिच्याखाली बटणे तुटलेले ॲप्रन आहेत आणि कुशीला नाडी निघालेला एक उशीचा अभ्रा आहे. ही सगळी मंडळी शिंप्याची वाट पाहत शांत पडली आहेत. मला मात्र घटकाभर चैन नाही. मला इथून निघायचे आहे. पाय आहेत, पण ते कापसाचे. नुसती जिवाची घालमेल चालली आहे.

झाले असे की, प्रसूतिगृहाच्या भांडारात नव्याने लागलेल्या मावशींनी आज सकाळी कपाटे झाडायला काढली. मावशी हाताच्या स्वच्छ आणि मनाच्याही चांगल्या. त्यांनी मला उचलले, धूळ झटकली, तोंडाकडे पाहिले आणि त्यांचा जीव कळवळला.

"अगं बाई, एवढ्या गोंडस बाहुलीचं तोंड कुणी फाडलं गं? दोन टाके घातले की होईल बरं."

एवढे बोलून त्यांनी मला गाठोड्यात ठेवले. शिंपी दुपारी येतो. चहा घेतो, चष्मा पुसतो आणि समोर येईल ते शिवत सुटतो. त्याने माझे तोंड शिवून टाकले, तर आज ना उद्या कुणा बाळाच्या डोक्यामागे पुन्हा एक तळवा जाईल.

माझे तोंड फाटलेले नाही, मित्रांनो. ते उघडलेले आहे. या दोन्हींत किती अंतर आहे ते तुम्हाला समजावे म्हणून मी माझी गोष्ट पहिल्यापासून सांगते. शिंपी यायच्या आत सांगून झाली तर देवाची कृपा.

या प्रसूतिगृहाला लागूनच परिचारिकांची शाळा आहे. नव्या आईला आणि तिच्या बाळाला मदत कशी करायची, ते तिथे शिकवतात. शिकवणाऱ्या बाईंना सगळे नुसते मॅडम म्हणत. मॅडमचा सगळ्यात जिव्हाळ्याचा धडा म्हणजे बाळाला अंगावर पाजणे. हा धडा शिकवताना हातात बाळ हवे, म्हणून त्या एका पंच्याची गुंडाळी करून तिला बाळ म्हणत. एकदा एका मुलीने ते बाळ घाईने टोकाला धरून उचलले. बाळ उलगडत उलगडत जमिनीपर्यंत गेले. वर्ग पोट धरधरून हसला. मॅडम घरी आल्या त्या थेट मोठ्या जावेच्या खोलीत शिरल्या.

"जाऊबाई, मला एक बाळ हवंय."

जाऊबाईंनी मशीन थांबवले आणि चष्म्यावरून पाहिले. "या वयात? भाऊजींना विचारलंस का?"

दोघी इतक्या हसल्या, की बाहेरच्या खोलीतून भाऊजी काय झाले म्हणून विचारायला आले, आणि त्यांना कुणी सांगेना.

जाऊबाईंची रीत अशी, की सकाळचा नेम झाल्याशिवाय त्या सुईला हात लावत नसत. स्नान, देवापुढे दिवा, हात जोडून घटकाभर नामस्मरण, आणि मग सुईत दोरा. दोरा ओवताना ओठ हलतच असत. एका टाक्याला एक नाम. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या अभ्र्याचे माझे अंग झाले. जुन्या रजईचा कापूस पिंजून माझ्यात भरला. नव्या बाळाला असतो तसा भार हाताला लागावा, म्हणून पोटात वाळूची पुरचुंडी बसवली. काळ्या दोऱ्याचे डोळे काढले. शेवटी तांबड्या दोऱ्याने, साखळीच्या टाक्याने, या गालापासून त्या गालापर्यंत माझे हसू काढले.

"बाळ कसं हसरं असावं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दोरा दातांनी तोडला.

दोरा तुटला आणि माझे तोंड बंद झाले. पण मी अशी गोड दिसत होते की ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नाही.

माझ्यासोबत जाऊबाईंनी एक कापडी स्तनही शिवला. तपकिरी पायमोज्याचा, आत कापूस, मध्ये बोंड. शाळेत तो पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हा मुली एकमेकींच्या पाठीआड लपून हसल्या. शिकायला आलेल्या एका तरुण डॉक्टरने तर तो चेंडू झेलावा तसा झेलला आणि कानापर्यंत लाल झाला.

मॅडम म्हणाल्या, "हसून घ्या. सगळं हसू इथेच संपवा. वॉर्डात नको. तिथली बाई दुखून आलेली असते, घाबरलेली असते. तिला तुमच्या हसण्यानं वाटतं की आपलंच काहीतरी वेडंवाकडं आहे."

मॅडम फार छान शिकवत. मला छातीशी धरून त्या सांगत, "बाळाचं पोट आईच्या पोटाला. नाक बोंडासमोर. मग थांबायचं. बाळ वास घेतं, चाटतं, मान हलवतं. हलवू दे. मग ते आ करतं, मोठी जांभई द्यावी तसा. तेव्हा त्याला जवळ घ्यायचं. हनुवटी आधी टेकते. नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा. नाहीतर आईला कळ येते आणि बाळाला दूध येत नाही."

यातला शब्द अन् शब्द खरा होता. पण एवढे सांगून झाले की मॅडम माझ्याकडे पाहत. माझे तोंड आपले तांबड्या दोऱ्यात हसत असे. मग त्या जराशा अडखळून म्हणत, "आता हिचं तोंड उघडलं, समजा."

मित्रांनो, माझ्या आयुष्याची सगळी तगमग या एका शब्दात आहे. समजा.

मुली वहीत समजा लिहून घेत. मग एकेक जण पुढे येई, मला उचले, पोटाला पोट लावी, नाक बोंडासमोर आणी, आणि म्हणे, "तोंड उघडलं, समजा." मी तर हलायची नाही. मग ती माझ्या डोक्यामागे तळवा ठेवून मला पायमोज्यावर दाबे. माझे नाक कापसात रुते. "लावलं, मॅडम!" असा आवाज येई, आणि पुढची मुलगी हात पुसत उभी राही.

मला ओरडून सांगावेसे वाटे, अगं थांब, मी अजून आ केलेला नाही. पण ज्या तोंडाने सांगायचे तेच शिवलेले. आपल्याकडे तोंड शिवून बसणे म्हणतात ना, ते माझ्यावर अक्षरशः बेतले होते. परीक्षेच्या दिवशी तर मुली हा सगळा धडा एका दमात म्हणत. पोटाला पोट नाक समोर तोंड उघडलं समजा. आगगाडीचे डबे जावेत तसे शब्द एकामागून एक निघून जात. थांबायचं हा डबा त्या गाडीतून कधी गळून पडला, ते कुणालाच कळले नाही.

गाडीवरून आठवले. त्या मुलींमध्ये एक होती, तिला सगळ्या मेलगाडी म्हणत. ती चाले भरभर, बोले भरभर, जेवताना हिचे ताट रिकामे तेव्हा बाकीच्यांचा पहिला घास. स्वभावाने लोण्यासारखी मऊ, पण लहान स्टेशनांवर थांबणे तिला ठाऊक नव्हते. तिने मला असे काही उचलले आणि असे काही लावले, की बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, "वा, सराईत हात आहे."

मलाही तेव्हा बरे वाटले. खोटे कशाला सांगू? बाळ खोटे असले तरी आपल्यामुळे कुणाचे कौतुक झाले की कापसालाही गुदगुल्या होतात. मुली मला शाल गुंडाळत, झबले घालत, कुणी गालाचा पापाही घेई. ते माझे मानाचे दिवस होते.

मेलगाडी त्याच प्रसूतिगृहात नोकरीला लागली. वॉर्ड आणि आमची खोली यांच्यात एकच भिंत. मला तिचा आवाज स्पष्ट ऐकू येई. "बाळ लावलं का?" हा तिचा फेरीचा प्रश्न. खाटेवरची बाई पुटपुटली, "घेत नाही हो सिस्टर," की मेलगाडीची पावले वळत, एखादे बाळ कळवळून रडे, आणि मग तिचा आवाज, "हे बघा, लावलं." ती पुढच्या खाटेकडे जाई. मागे ते बाळ पुन्हा रडू लागे. सगळीच बाळे रडत असे नाही. पुष्कळ बाळे गुणी असतात, कशीही लावली तरी आपले आपण सावरून घेतात. पण जी रडत, त्यांच्या रडण्यात मला माझ्या डोक्यामागचा तळवा ऐकू येई. मी कपाटात जागच्या जागी तळमळे.

हो, कपाटात. कारण तोवर शाळेत एक नवी रबरी बाहुली आली होती. ती खोक्यातून आली, पोटात बॅटरी घालून आली, बटण दाबले की ट्यांहा करी. सगळे तिच्याभोवती जमले. तिच्या तोंडाला एक बारीक गोल भोक होते, बाटलीचे बूच बसेल एवढे. आ तर तिलाही करता येत नव्हता. पण ती रडत असे ना, म्हणून खरी वाटे. तिच्याही बाबतीत मॅडम समजा म्हणतच राहिल्या. माझ्या शेजारी डांबरगोळ्या आल्या. झबले पिवळे पडले. एका उंदराने माझी टाच कुरतडली. कौतुक केव्हा सरले तेही मला कळले नाही.

पुढे मेलगाडीचे लग्न झाले, आणि दिवस भरल्यावर ती आमच्याच वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर आली. बाळ सुखरूप झाले. भिंतीपलीकडे पेढ्यांऐवजी तिच्या मैत्रिणींनी एकमेकींना बिस्किटे वाटली आणि म्हणाल्या, "आता हिला कोण शिकवणार? हीच आपली गुरू."

पण बाळ अंगावर घेईना.

पहिल्या दिवशी सगळ्या म्हणाल्या, दमलंय. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, हट्टी आहे, आईवर गेलंय. तिसऱ्या दिवशी कुणी काही म्हणेना. मेलगाडी हाताने दूध काढी, तिची आई ते चमच्याने पाजी, पण तेवढे पुरेना. बाळाचे वजन उतरले. लंगोट कोरडे राहू लागले. आपल्या हाताखाली शिकलेल्या मुलींना मेलगाडीने एकेक करून बोलावले. प्रत्येकीने येऊन तिने शिकवले होते तसेच बाळाचे डोके धरले आणि दाबले. बाळ मान मागे टाकी, कमान होई, लालबुंद होई. डॉक्टर आल्या, त्यांनी सगळे तपासले आणि मायेने म्हणाल्या, "उद्या सकाळी वजन बघू. आणखी उतरलं तर वरचं दूध देऊ. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही गं. बाळ जगायला हवं."

डॉक्टरांचे बोलणे खरे होते. पण त्या गेल्यावर मेलगाडी भिंतीकडे तोंड करून पडली.

शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारले, "सिस्टर, तुम्ही तर माझ्या बहिणीचं बाळ बघता बघता लावलं होतंत. मग तुमचंच कसं हो?" तिने टोमणा नव्हता मारला, साधे विचारले होते. पण साधे विचारलेलेच जास्त लागते.

दुपारी मेलगाडीने धाकट्या सिस्टरला सांगितले, "कपाटातून ती बाहुली आण. रबरी नको, कापडी. माझंच काहीतरी चुकतंय. पहिल्यापासून करून बघते."

कपाटाचे दार उघडले. कितीतरी काळाने उजेड दिसला, पण मला आनंद होण्याऐवजी भीती वाटली. मला वॉर्डात नेले. मेलगाडीचे डोळे सुजलेले होते. तिने मला घेतले. पोटाला पोट. नाक समोर. तोंड उघडलं, समजा. तळवा डोक्यामागे. मी मुकाट्याने लागले. मी नेहमीच लागत असे.

"सगळं बरोबर आहे, सिस्टर," धाकटी म्हणाली.

"बरोबर आहे ना? मग बाहुली लागते आणि माझं बाळ का लागत नाही?" मेलगाडीने मला उशीवर टाकले, बाळाला उचलले, दोन्ही हातांत घेतले, आणि तिला हुंदका आवरेना.

तिची आई उठली. लेक रडली की पाणी द्यायचे, एवढे आईला ठाऊक. तिने पेला भरला. लेकीचे हात बाळात गुंतलेले. म्हणून तिने पेला लेकीच्या ओठांना लावला आणि दुसऱ्या हाताने तिचे डोके मागून धरून पेल्याकडे दाबले. मेलगाडीची मान ताडकन मागे आली. पाणी गळ्यावरून पदरात सांडले.

"आई, डोकं कशाला दाबतेस? मला पिता येतं."

"अगं, हात मोकळे नाहीत तुझे. आधार दिला."

"आधार कसला? ढकलतेस तू. मान बघ कशी आखडली माझी."

आणि बोलता बोलता तिची नजर स्वतःच्या हाताकडे गेली. तिचा तळवा बाळाच्या डोक्यामागे होता. बाळाची मान आखडलेली होती. मी उशीवरून तिच्याकडे पाहत होते. माझ्या कापसात धडधडायला काही नाही, तरी मला ती धडधड जाणवली.

"आई," ती हळूच म्हणाली, "पुन्हा दाब."

"काय?"

"डोकं. पेला लाव आणि पुन्हा दाब."

"वेड लागलं का तुला?"

"लागलं समज. दाब."

आईने धाकटीकडे पाहिले, धाकटीने आईकडे. मग आईने बिचकत डोके दाबले. मेलगाडी तोंड उघडू पाहत होती, पिऊ पाहत होती, तरी मान आपोआप मागे गेली. तिने आईला हात काढायला सांगितला. "आता पेला नुसता समोर धर." तिने स्वतः मान पुढे केली, ओठ लावले आणि पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

मग ती उशांवर मागे रेलून बसली. बाळाला छातीवर पालथे घेतले, पोटाला पोट. डोक्यामागचा हात काढून तिने तो बाळाच्या खांद्यांमागे ठेवला. अंगठा एका कानाखाली, बोटे दुसऱ्या कानाखाली, म्हणजे मानेला आधार राहील आणि डोके मोकळे राहील. नाक बोंडासमोर आले. ती थांबली.

बाळाने नाक हलवले. जीभ बाहेर काढली, आत घेतली. डोके हलकेच आपटले. चुकीच्याच बाजूला तोंड नेले. कुरकुरले. खालच्या रस्त्यावर एक गाडी भोंगा वाजवत गेली. शेजारच्या खाटेवरची बाई कोपरावर उठून बसली. धाकटीला राहवेना.

"सिस्टर, तोंड उघडलं समजून जरा जवळ..."

"समजायचं नाही," मेलगाडी म्हणाली. "बघायचं."

मी आयुष्यभर हे वाक्य कुणीतरी म्हणावे म्हणून तडफडत होते. पण बाळ काही उघडेना. दाबायची सवय बोटांत भिनलेली असते, मित्रांनो, ती एका दुपारी जात नाही. एकदा तर मेलगाडीचा तळवा डोक्याकडे सरकलाही. तिने तो मागे घेतला आणि डोळे मिटले. आईचे ओठ देवाचे नाव घेत हलत होते. मला जाऊबाईंचे ओठ आठवले. मेलगाडी थांबली होती. जिला कुठल्याच लहान स्टेशनावर थांबणे माहीत नव्हते, ती आज एका जागी थांबून राहिली होती.

आणि बाळाने आ केला. केवढा मोठा! जाऊबाईंनी माझ्या या गालापासून त्या गालापर्यंत दोरा ओढला होता, तेवढा. मेलगाडीने खांद्यांमागचा हात जरासा जवळ आणला, एवढेच. हनुवटी टेकली. गाल फुगले. खालचा ओठ पाकळीसारखा बाहेर वळला. आधी भराभर चोखणे, मग लय मंद झाली, आणि मग त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आले. घुटका. पुन्हा घुटका.

"दुखतंय का गं?" आईने विचारले.

"नाही. ओढ लागतेय, पण दुखत नाही."

"लावलं!" धाकटी टाळी वाजवणार होती, तिने हात आवरले.

"मी नाही लावलं," मेलगाडी म्हणाली. "लागलं."

शेजारची बाई म्हणाली, "सिस्टर, मग माझ्या बहिणीला तसं का नाही सांगितलंत?" मेलगाडीने तिच्याकडे पाहिले. "तुमची बहीण कुठे राहते? मी बरी झाले की जाते तिच्याकडे," ती म्हणाली. आणि ती खरेच गेली, हे मला नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी वजन केले. वजन वाढले नव्हते, पण उतरायचे थांबले होते, आणि लंगोट ओला होता. ओल्या लंगोटाचे एवढे कौतुक मी कधी पाहिले नव्हते. आजीने तो सगळ्यांना दाखवला. डॉक्टर म्हणाल्या, "चालू द्या. काढलेलं दूध चमच्याने द्या अजून एकदोन दिवस. मी बघते आहे." त्यानंतर वजन हळूहळू चढू लागले.

मॅडम भेटायला आल्या तेव्हा मेलगाडीने त्यांना सगळे सांगितले आणि मला त्यांच्या मांडीवर ठेवले. मॅडमनी माझ्या तांबड्या हसण्यावरून बोट फिरवले.

"इतकं हसरं तोंड, म्हणून कधी शंकाच आली नाही," त्या म्हणाल्या. मग पिशवीत घालून मला घरी घेऊन गेल्या.

जाऊबाई आता थकल्या होत्या. सुई ओवायला त्यांना दुसऱ्याचे डोळे लागत. पण सकाळचा नेम तोच होता. दिवा लावून झाल्यावर त्यांनी बारीक कात्री घेतली आणि माझ्या तोंडाचे टाके एकेक करून उसवले. प्रत्येक टाक्याला नाम होतेच. "तुला हसरी करायच्या नादात मुकी केली गं," त्या माझ्याशी बोलल्या. तोंड मोठे कापले. आत तांबड्या मऊ कापडाची जीभ बसवली. कडा उसवू नयेत म्हणून शर्टाला काज करतात तशी तोंडाभोवती घट्ट, सुबक काजाची शिवण घातली. आणि मानेमागे एक वाट ठेवली. शिकवणारीने तिथून हात घातला की माझे तोंड उघडते आणि मिटते.

तेव्हापासून मला तोंड फुटले आहे.

आता मॅडम घरी असतात आणि वर्ग मेलगाडी घेते. तिचा हात माझ्या मानेत असतो. मुली मला कापडी स्तनासमोर धरतात आणि थांबतात, कारण मी कधी आ करणार ते त्यांना ठाऊक नसते. मेलगाडी मुद्दाम वेळ लावते. माझे तोंड अर्धेच उघडते आणि पुन्हा मिटते. एखादी मुलगी कंटाळून म्हणते, "बाई, उघडलं समजा ना." सगळा वर्ग हसतो, कारण त्या वर्गात तो एकच शब्द बोलायला बंदी आहे. आणि वॉर्डातल्या फेरीचा प्रश्नही बदलला आहे. बाळ लावलं का, असे आता कुणी विचारत नाही. बाळ लागलं का, असे विचारतात. एका अक्षराचा फरक आहे, पण त्या अक्षरात बाळाची मान मोकळी होते.

आता कळले ना, मी इथे का तळमळते आहे? नव्या मावशींना यातले काही माहीत नाही. मेलगाडी आज रजेवर आहे. आणि ऐका, शिंप्याची पावले वाजली.

त्याने चहा संपवला आहे. चादर शिवून झाली. ॲप्रनला बटणे लागली. आता माझ्या अंगावर काही राहिले नाही. त्याने मला उचलले. सुईत तांबडा दोरा ओवलेला आहे. तांबडाच! त्याने माझे ओठ चिमटीत धरले. सुई टेकवली. आणि तो थांबला.

"मावशी, हे फाटलेलं नाही."

"मग काय आहे?"

"काज आहे हे. हाताचं काज. असलं काम आता कोण करतं?"

"बाहुलीच्या तोंडाला काज? कशाला?"

"आता काज कशाला असतं? काहीतरी लागायला असतं."

मावशी पदर खोचून जवळ आल्या. "काय लागणार तिथे, बटण?"

"ते मला काय विचारता? पण काज कुणी शिवून टाकत नाही." त्याने मला उलटे केले, मानेमागची वाट त्याला दिसली, आणि कुतूहलाने त्याने आत हात घातला. माझे तोंड उघडले. मावशी दोन पावले मागे सरल्या, मग पुढे आल्या, आणि मग खुदकन हसल्या. "अगं बाई, आ करतेय ही."

शिंप्याने सुई सुयांच्या उशीत टोचून ठेवली. मावशींनी मला दुरुस्तीच्या गाठोड्यातून काढले आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवले. उद्या सिस्टरांना विचारीन म्हणाल्या.

म्हणजे आज वाचले. पण उद्या दुसरी कुणी मावशी येईल, दुसरा शिंपी येईल, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. मित्रांनो, तुमच्या घरी नवे बाळ येईल. कदाचित तुमच्याच आईच्या, मावशीच्या, वहिनीच्या कुशीत येईल. ते दूध पीत नसेल तर त्याला हट्टी म्हणू नका आणि त्याच्या आईला काही बोलू नका. तिला पाणी द्या, पण तिचे डोके दाबू नका. शहाण्या माणसाला, परिचारिकेला, डॉक्टरांना लवकर बोलवा. कुणी बाळाच्या डोक्यामागे हात नेला, तर हळूच तो हात खांद्यांवर आणा. आणि कुठल्या कपाटात उघड्या तोंडाची, टाच कुरतडलेली एखादी कापडी बाहुली सापडली, तर तिला फाटकी समजू नका.

काहीच समजू नका. थोडे थांबा आणि बघा. तोंड उघडेल.